मोरीच्या तोंडाशी टोपली

मुलांनो, घटकाभर असं समजा, की तुमच्या शाळेची फरशी काचेची आहे. बाकं सरकवा, खाली वाका आणि काचेला नाक लावून पाहा. हात धुवायच्या नळाखालून एक बारीक पाइप निघालेला दिसेल. मुलींच्या संडासाकडून एक जाड पाइप येतो, स्वयंपाकघराच्या मोरीतून तिसरा. अंधारात तिघे एकमेकांना भेटतात आणि चार इंची पाइपात शिरतात. तुम्ही पंजा पसरलात तर झाकलं जाईल एवढंच त्याचं तोंड. दीडशे मुलांनी सांडलेलं, वापरलेलं पाणी रोज तेवढ्यातून मुकाट्याने बाहेर जातं.

आता असंही समजा, की त्या पाइपाच्या पोटात काहीतरी घट्ट बसलं आहे. काय, ते अजून दिसत नाही. वडशाच्या वेशीवरच्या शाळेत ते कोणालाच दिसत नव्हतं. म्हणून तर मुख्याध्यापक खुशाल सरांनी सोमवारी दुपारी मुलींच्या संडासाला कुलूप लावलं.

कुलूप जुनं, लोखंडी, धानाच्या कोठीचं होतं. दारावर ते धोंड्यासारखं लटकलं.

"दिवाळीपासून तीनदा चोक काढला," सर म्हणाले. "काय टाकता गं तुम्ही त्याच्यात? आता बंद म्हणजे बंद. मागं बांधाकडं जात जा."

मुलींनी माना खाली घातल्या. मुलांच्या संडासाचा पाइप दुसऱ्या अंगाने जायचा, तो चालू होता. त्यामुळे मुलं हसली. सातवीची अदीबा तेवढी मान वर करून उभी होती. उन्हाळ्यात शाळेच्या नव्या इमारतीची सगळी फिटिंग तिच्या बापाने, खुर्शीद प्लंबरने केली होती. आपण काहीच टाकत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ते सिद्ध कसं करायचं?

शाळेमागे धानाच्या बांध्या होत्या. अर्धं धान कापून झालं होतं, अर्धं उभं होतं, आणि त्यापलीकडे जंगल. आठवड्यापूर्वी त्याच बांधावर ओल्या मातीत वाघाचा पंजा उमटलेला सापडला होता. वनरक्षकाने तिथे खुंट ठोकून लाल फडकं बांधलं होतं.

मंगळवारी अदीबाच्या शेजारची जागा रिकामी राहिली. तिथे आचल बसायची.

शाळा सुटल्यावर अदीबाने सायकल काढली ती थेट तलावाच्या पाळीवर नेली. आचलचे आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले होते, ती आजोबांजवळ राहायची. इस्तारी आबाजी पाळीवर पाय पसरून जाळं शिवत बसले होते. अंगठ्यात धागा, दातात सुई. शेजारी आचल बारीक मासे निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. टोपल्याखाली दाबून ठेवलेलं गणिताचं पुस्तक मात्र अदीबाला दिसलं.

"आबाजी, आचल काऊन नाई आली?"

आबाजींनी सुई तोंडातून काढली. "शाळेले कुलूप हाय म्हणते ना?"

"शाळेले नाई. संडासाले."

"मले एकच. पोरीले बांधाकडं पाठवतेत, अन् तिथी वाघ फिरून राह्यला. उद्या काई झालं तं तिच्या मायले कोनतं तोंड दाखवू? इथी माह्या डोळ्यापुढं बसते तेच बरी."

"अन् कुलूप निघालं तं?"

"तं पाठवतो ना. मले काय मासोळ्याच निवडवून घ्याच्या हायेत तिच्याकून?" आबाजी जाळ्यावर पुन्हा वाकले. "पन एक सांगतो, पोरी. निघालं अन् परत लागलं, तं मंग नाई पाठवनार. असं आत-बाहेर मले नाई जमत."

आचल तेव्हा पहिल्यांदा बोलली, तीही माशांकडे पाहत. "तिसरं उदाहरण चुकलं माझं. उत्तर काय आलं तुझं?"

अदीबाने उत्तर सांगितलं आणि सायकल वळवली.

घरी खुर्शीद पायरीवर बसून रॉकेलने बोटांवरचा पाइप जोडायचा चिकट डिंक खरवडत होता. शाळेतली बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. चौकात दोघांनी त्याला अडवून विचारलं होतं, "तुमच्याच हातची फिटिंग ना, खुर्शीदभाऊ?" विचारताना दोघेही हसले होते.

"अब्बू, लाइन में गलती है क्या?" अदीबाने विचारलं. घरात ती बहुतेक हिंदीत बोलायची.

"पाइपाचा ढाळ मी स्वतः पाण्याच्या नळीनं मोजून धरला होता," खुर्शीद म्हणाला. दिवसभर मराठीत बोलून आल्यावर घरीही तीच भाषा थोडा वेळ त्याच्या तोंडात राहायची. "एका मीटरले दोन सेंटीमीटर. कमी नाई, जास्त नाई. चोक तं मी उद्या काढून देईन, ते सोपं काम हाय. पन परत काऊन होते, ते समजून नाई राह्यलं."

अदीबाची आई आबिदा चुलीपाशी भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "होता कब है, ये तो पूछो."

अदीबा विचारात पडली. सकाळी प्रार्थनेआधी संडास ठीक असायचा. रविवारनंतर सोमवारी तर अगदी छान. पाणी वर यायचं ते... "जेवणाच्या सुट्टीनंतर!" ती ओरडली. "अब्बू, दर वेळी जेवणाच्या सुट्टीनंतरच!"

खुर्शीदचं खरवडणं थांबलं.

आबिदाने तवा उतरवला, हळदीच्या डब्यातून मूठभर हळद कागदात बांधली आणि नवऱ्याच्या पिशवीत टाकली. "पानी में घोलके डालो. जिथी पिवळं दिसन, तिथी रस्ता समजन."

बुधवारी जेवणाची सुट्टी संपायला आली तेव्हा खुर्शीद शाळेत हजर झाला. पिशवीत पाना, हॅक्सॉ, आणि सायकलला आडवी बांधलेली पंधरा फुटी बांबूची कमची. सरांनी कुलूप काढलं आणि रुमाल नाकाला लावून दोन पावलं मागे सरकले. चहा आला तो कोणीतरी खुर्शीदला दूरच्या कठड्यावर ठेवून दिला. खुर्शीदने तो तिथून उचलून प्यायला.

"अदीबा, तू आत उभी राह्य. भांड्यात पाह्यत राह्य. नजर हलवू नोको."

अदीबा संडासात उभी राहिली. भांड्यात पाणी काठाला टेकलं होतं. बाहेर सगळी शाळा गोळा झाली होती.

खुर्शीदने आधी हात धुवायच्या नळाखाली हळदीचं पाणी ओतलं. "आलं काय?"

"नाई!"

दुसरी बादली, त्याच नळाखाली. "आलं काय?"

"नाई अब्बू!"

मग तो स्वयंपाकघरात गेला. चंदाबाई खिचडीचे गंज, म्हणजे मोठी पातेली, घासत होत्या. चार वर्षांपासून त्या शाळेत स्वयंपाक करायच्या. त्यांनी घासलेल्या गंजात तोंड पाहून मुली वेण्या नीट करायच्या, इतके ते लखलखीत असत. "बाई, थोडं सरकता काय?" म्हणत खुर्शीदने हळदीची बादली मोरीत रिकामी केली. पाण्याने भोवरा घेतला आणि ते खाली गेलं.

अदीबा पाहत होती. भांड्यातलं पाणी थरथरलं. बुडाशी एक बुडबुडा सुटला. मग खालून काहीतरी धुरासारखं वर आलं आणि पसरत गेलं.

"आलं!" तिचा आवाज फाटला. "पिवळं आलं! अब्बू, मोरीचं पाणी इथी आलं!"

काय गलका झाला! मुली धावत आत शिरल्या, मुलं खिडकीला लोंबकळली. सरांचा रुमाल हातातच राहिला, तेही वाकून पाहू लागले. पिवळंजर्द पाणी मुलींच्या संडासात चढत होतं, आणि ते मुलींनी टाकलेलं नव्हतं. पुढचा रस्ता बंद म्हणून स्वयंपाकघराचं पाणी मागे फिरून इथून डोकं वर काढत होतं.

"म्हंजे गोटा पुढं हाय. मोरी अन् संडास मिळतात तिथी. नळाची लाइन त्याच्याबी पुढं मिळते," खुर्शीद म्हणाला. आता त्याचेही डोळे चमकत होते. भिंतीकडेला चेंबरचं झाकण होतं. ते त्याने पान्याने उचकटलं, गुडघे टेकून आत खांद्यापर्यंत हात घातला आणि कमची सरकवली. पाच फूट गेली. सहा. सातव्या फुटाला अडली. त्याने जोर लावला, मानेवरच्या शिरा फुगल्या, कमची कमानीसारखी वाकली. मुलं मोजायला लागली, "एक... दोन... तीन..." आणि तिसऱ्याला खाली कुठेतरी ढप्प असा आवाज झाला. पाणी घळघळत सुटलं. संडासातून अदीबा ओरडली, "उतरलं! सगळं उतरलं!"

कमचीच्या टोकाला मनगटाएवढा करडा तुकडा अडकून आला. खुर्शीदने तो फरशीवर आपटला. सिमेंटसारखा फुटला. आत पिवळ्या काड्या होत्या.

सगळे वाकून पाहत होते. चंदाबाई ओल्या हातांनी मागे येऊन उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हे तं माह्या चोळन्याचं तनस हाय."

सगळे त्यांच्याकडे वळले.

जुनी शाळा होती तेव्हा स्वयंपाक पत्र्याच्या शेडात व्हायचा. चंदाबाई भाताची पेज काढायच्या, आणि मग गंज चुलीची राख अन् तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांच्या, बोळ्याने घासायच्या. या भागात भांडी अशीच घासतात. ते पाणी उघड्यावरून वांग्याच्या वाफ्यात जायचं, वांगीही चांगली यायची. नव्या इमारतीत टाइलची मोरी मिळाली तेव्हा चंदाबाईंना केवढा आनंद झाला होता! पेज त्याच मोरीत, राख त्याच मोरीत.

"बाई, मोरीच्या तोंडाले मी लोखंडाची जाळी बसवली होती. ते कुठी गेली?"

चंदाबाईंनी ओट्याकडे बोट दाखवलं. जाळीवर गरम पातेलं ठेवलेलं होतं. "तिच्यात तनस अडकत होतं भाऊ. पानी तुंबे. म्हून काढली."

"ते अडकाव म्हूनच होती ना बाई ते! पेज चिकट. तिच्यात राख मिसळली की पाइपात चिखलासारखा गारा होते, अन् रात्रभरात सुकून गोटा."

"मग उद्यापासून राख बंद," सर म्हणाले. "साबणाची पावडर आणून देतो."

"नाई जी," चंदाबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मागे हटत नव्हता. "एवढ्या मोठ्या गंजातून साबन किती धुवाल? कडेले राह्यला तं लेकराईच्या पोटात जाईन. राखेनं कोनाचं पोट दुखलं आजवर?" मग त्या मुलींकडे वळल्या. "पोरीहो, माह्यापाई तुमाले बोल बसला. मले काय ठाऊक बाप्पा!" पदराने त्यांनी तोंड पुसलं, आणि राखेचा एक पट्टा गालावर उमटला.

"आठ दिवस देतो," सर शेवटी म्हणाले. "पुढच्या गुरुवारी पाहू. तोवर पाणी वर आलं नाही, तर कुलूप कायमचं निघालं. आलं, तर मात्र मी ऐकणार नाही." बोलून झाल्यावर ते जरा थांबले. मुलींना म्हणाले, "मी उगाच बोललो तुम्हाला." हेही तुम्ही लक्षात ठेवा. मोठ्या माणसाला ते सोपं जात नाही.

चोक काढला की प्लंबरचं काम संपतं, असं तुम्हाला वाटेल. खुर्शीद मात्र घरी जाताना सायकल हातात धरून चालत होता. "काढनं म्हंजे दहा मिनिटं," तो अदीबाला म्हणाला. "होऊच नाई द्याचं, तिथी डोकं लागते. राख तं बाई सोडनार नाई. अन् तिचंबी खरं हाय."

अदीबा तिथूनच तलावाकडे पळाली. धापा टाकत सगळं सांगितलं: हळद, बुडबुडा, गोटा. आचल मासे टाकून उठली. आबाजी ऐकत होते आणि त्यांचं बोळकं हळूहळू उघडत होतं.

"पानी सोडाचं अन् राख धराची, एवढंच ना?" ते हसले. "अवो, तलावाच्या तुडुमातून, त्या पाळीतल्या तोंडातून, पानी शेतात सुटते तवा आमी काय करतो? तोंडाशी टोपली लावतो. पानी जाते, मासोळी राह्यते. तुह्या बापाले म्हनाव, मोरीच्या तोंडाशी टोपली लाव!"

गुरुवारी काम सुरू झालं. खुर्शीदने मोरीच्या तोंडाशी चार टाइल फोडल्या, बादलीएवढा खड्डा खणला, विटा लावल्या, आतून गुळगुळीत प्लास्टर केलं. पाइपाचं तोंड त्याने खड्ड्याच्या बुडाशी न ठेवता वितभर वर ठेवलं. पाणी खड्ड्यात पडेल, जड राख खाली बसेल, वरचं निवळ तेवढं पुढे जाईल. आबाजींनी टोपली विणून आणली. हिरव्या बांबूच्या काड्या, खड्ड्याच्या मापाची, वर धरायला कडी. आबिदाने आपली जुनी सुती ओढणी दुहेरी करून टोपलीला आतून शिवून दिली. निळ्या फुलांची होती.

टोपली खड्ड्यात उतरवताना आबाजी वाकून पाहत होते. "वजन बांध, खुर्शीदभाऊ. बांबू हाय. पानी जोरानं आलं तं तरंगन."

खुर्शीदने टोपलीत अर्धी वीट ठेवली. आबाजींनी मान डोलावली, पण जीभ टाळ्याला लावून च्च केलं. जाळ्याला वजन खालून बांधतात, आत टाकत नाहीत, असं काहीतरी ते पुटपुटले. तेवढ्यात सिमेंट सुकायला लागलं, आणि ते बोलणं तसंच राहिलं.

शुक्रवारी आचल शाळेत आली. रोज जेवणानंतर दोघी टोपली उचलायच्या. निथळायला ठेवायच्या, मग वांग्याच्या वाफ्यात उलटायच्या. पहिल्या दिवशी करडा चिखल किती निघाला, म्हणून सांगू! आठवडाभर हे सगळं पाइपाच्या पोटात गेलं असतं. शनिवारी तेवढाच निघाला. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. संडासातलं पाणी एकदाही वर आलं नाही. पेज चंदाबाई आता बादलीत साठवायच्या, शेजारची म्हैस ती प्यायला दोन वाजताच हंबरायची.

आणि आठवा दिवस उजाडला, गुरुवार.

त्या दिवशी एका मुलाच्या घरून शाळेला नव्या तांदळाचं जेवण होतं. तीन गंज चढले होते. सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. सर कुलूप हातात घेऊन अंगणात उभे होते, इस्तारी आबाजी पाहायला म्हणून फाटकाशी टेकले होते. अदीबा टोपली उचलायला मोरीकडे गेली आणि दारातच थबकली.

चंदाबाईंनी तिन्ही गंज राखेने घासून एकदमच मोरीत ओतले होते. पाण्याचा लोट खड्ड्यात शिरला होता आणि टोपली वर आली होती. एका अंगावर कलंडून तरंगत होती. तिच्याखालून करडं पाणी सरळ पाइपाकडे धावत होतं.

"बाई, वीट कुठी गेली?"

"काल काढली ना मी! ओढनी फाटून राह्यली होती तिच्यानं."

अदीबाने पुढे काही विचारलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि टोपली खाली दाबली. पाणी कोमट होतं, चिकट होतं. टोपली हातांखाली जिवंत माशासारखी उसळत होती. तिने छाती टेकवली, सगळं वजन दिलं. टोपली बुडाला टेकली. पण आधी किती राख गेली होती?

"आचल!" ती ओरडली. "संडासात जा! पाह्य!"

आचल धावली. पाठोपाठ सगळ्या मुली धावल्या. बाहेर घंटा झाली, पण कोणी वर्गाकडे हललं नाही.

"आलं काय?"

तिने टोपली आणखी घट्ट दाबली.

"आचल, आलं काय?"

"थरथरून राह्यलं!"

अदीबाने डोळे मिटले. मनगटं दुखत होती. फरशीखालचा तो पाइप तिला स्वच्छ दिसत होता: ढाळ मीटरला दोन सेंटीमीटर, बापाने पाण्याच्या नळीने धरलेला. सात फूट. मोरी अन् संडास मिळतात ती जागा. जा, ती मनातल्या मनात म्हणाली. जा ना.

"एक बुडबुडा आला!" आचलचा आवाज. मग काहीच नाही. मग, "अदीबा! बसलं! पानी खाली बसलं! बादली ओतली, तेबी गेलं! गेलं वो!"

मुलींनी केलेला आरडाओरडा रेल्वे फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. चंदाबाई राखेच्या हातांनी टाळ्या वाजवत होत्या. फाटकातून आबाजी आत आले, मोरीत डोकावले आणि म्हणाले, "म्हनलं होतं ना मी, वजन खालून बांधा म्हून!"

सर मोरीच्या दारात आले. त्यांनी अदीबाकडे पाहिलं. ती अजून टोपली दाबून बसली होती, कोपरापर्यंत करडी, हनुवटीला पेज. त्यांनी हातातलं कुलूप चावीसकट वर धरलं. "हे घ्या. जिंकलात तुम्ही. आता याचं मी काय करू?"

अदीबाने कुलपाकडे पाहिलं. चांगलं जड होतं.

"मले द्या, सर," ती म्हणाली.

तिने टोपली वर काढली, वाफ्यात नेऊन उलटली, नळाखाली निळ्या फुलांची ओढणी स्वच्छ धुतली. मग टोपली पालथी धरून तिच्या बुडाच्या दोन जाड काड्यांमध्ये कुलपाची कडी अडकवली आणि खटकन दाबली. टोपली खड्ड्यात सोडली. ती सरळ खाली गेली आणि बसली. अदीबाने वरून भरलेली बादली जोराने ओतली. टोपली हलली नाही.

मग तिने ओल्या फ्रॉकला हात पुसले, चावी आचलच्या हातात दिली आणि म्हणाली, "चल, तुझं तिसरं उदाहरण राहिलंय."